दवंडी कोण पिटतंय? स्पॅनिशमध्ये सब्जंक्टिव्ह की इंडिकेटिव्ह, हे ठरवायची मराठी वाट

स्पॅनिश शिकणारा माणूस बी-१ म्हणजे मधल्या पातळीवर पोचला की त्याच्या वहीत एक यादी येते. इच्छा, शंका, भावना, शिफारस, नकार… यापुढे क्रियापदाचं सब्जंक्टिव्ह रूप (नुसतं हवं किंवा शक्य असलेलं सांगणारं), बाकी सगळीकडे इंडिकेटिव्ह (सरळ विधान करणारं). यादी पाठ होते, चाचणीत गुणही मिळतात. मग एक दिवस मेक्सिकोच्या क्लायंटला पहिला मेल जातो आणि पहिल्याच ओळीत चूक होते. मी स्वतः लिहिलं होतं, ‘एस्पेरो के एस्तास बिएन’. हवं होतं ‘एस्पेरो के एस्तेस बिएन’. तू बरी असशील अशी आशा आहे, एवढंच म्हणायचं होतं. समोरची बाई सभ्य होती, काही बोलली नाही. फक्त तिच्या उत्तराची पहिली ओळ माझीच होती, ‘एस्तेस’ घालून.

यादी चुकीची नसते, पण बोलताना ती आठवत बसायला वेळ नसतो. शिवाय तीच क्रियापदं दोन्ही बाजूंना सापडतात तेव्हा ती हात टेकते. म्हणून इथे यादी न देता एकच प्रश्न विचारायची सवय सांगतो, आणि त्या प्रश्नाचं उत्तर मराठी कान कुठे बरोबर देतो, कुठे फसवतो तेही.

उच्चारांबद्दल आधीच एक खुलासा. स्पॅनिश वाक्यं मी लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराच्या जवळ जाईल अशी देवनागरीत लिहिली आहेत. ‘व्ही’ अक्षराचा उच्चार तिथे ब असतो, म्हणून ‘बेंगास’. ‘जे’ अक्षर घशातून ह येतं, म्हणून ‘ओहाला’. ‘एच’ मुकं असतं.

आपल्याकडे हे आधीच आहे

शाळेत क्रियापदाचे अर्थ रटले होते ते आठवा: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. परीक्षा संपली आणि आपण ते विसरलो. स्पॅनिश शिकताना त्यांचं मोल कळतं, कारण इंग्रजीच्या मार्गाने स्पॅनिशकडे जाणाऱ्याला जे परकं वाटतं, ते मराठी माणूस रोज बोलतो.

ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा:

तू येतोस असं मला वाटतं.
तू यावंस असं मला वाटतं.

‘मला वाटतं’ दोन्हीकडे तेच, तरी अर्थात जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्यात माझा अंदाज आहे, दुसऱ्यात माझी इच्छा. फरक सगळा ‘येतोस’ आणि ‘यावंस’ या रूपांत. स्पॅनिशमध्ये पहिलं ‘क्रेओ के बिएनेस’ आणि दुसरं ‘किएरो के बेंगास’. बिएनेस हा इंडिकेटिव्ह, बेंगास हा सब्जंक्टिव्ह. आपला विध्यर्थ आणि त्यांचा सब्जंक्टिव्ह जुळे भाऊ नाहीत, पण चुलतभाऊ नक्की आहेत.

आणखी एक रूप आपल्याकडे आहे, जे बोलण्यात कमी आणि शुभेच्छापत्रांत, निधनवार्तांत जास्त दिसतं: ‘होवो’, ‘मिळो’, ‘लाभो’. ‘मृतात्म्यास शांती लाभो’ हे स्पॅनिशमध्ये ‘के एन पास देस्कान्से’. आजारी मित्राला ‘के ते मेहोरेस’, म्हणजे तुला लवकर बरं वाटो. पाऊस पडो, हे ‘ओहाला युएबा’. हा ‘ओहाला’ शब्द स्पॅनिशमध्ये अरबीतून आला आणि त्याचं मूळ ‘देवाची इच्छा असेल तर’ या अर्थाचं आहे. त्याच्यापुढे नेहमी सब्जंक्टिव्ह. १५ सप्टेंबरच्या रात्री मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या सज्जातून ‘बीबा मेहिको!’ अशी घोषणा देतात, त्यातला ‘बीबा’ म्हणजे ‘बीबीर’, जगणे, या क्रियापदाचा सब्जंक्टिव्ह. आपल्या ‘विजय असो’मधला ‘असो’ तसाच.

रूपं, पटकन

रूपांवर जास्त वेळ घालवू नका. पाठांतराचा भाग आहे आणि आठवड्याभरात होतो. वर्तमानकाळातलं ‘मी’चं रूप घ्या, शेवटचा ‘ओ’ काढा आणि स्वर उलटा लावा. ‘आर’ने संपणाऱ्यांना ए, ‘एर’ आणि ‘ईर’ने संपणाऱ्यांना आ. आब्लो, आब्ले. कोमो, कोमा. बीबो, बीबा. ‘मी’चं रूप वाकडं असेल तर तो वाकडेपणा पुढे तसाच चालतो: तेंगो, तेंगा, आगो, आगा, दीगो, दीगा, कोनोस्को, कोनोस्का. या नियमात न बसणारी सहा आहेत: सेआ, एस्ते, बाया, आया, सेपा, दे. ती भिंतीवर लावा.

भूतकाळी सब्जंक्टिव्हसाठी ‘ते’चं साधं भूतकाळी रूप घ्या, ‘रोन’ काढा, ‘रा’ लावा. तुबिएरोन, तुबिएरा. फुएरोन, फुएरा. याला अपवाद नाही, हे ऐकून माझ्या शनिवारच्या वर्गात एकदा टाळ्या पडल्या होत्या.

भविष्यकाळी सब्जंक्टिव्हही एके काळी होता. आता तो कायद्याच्या कलमांत आणि म्हणींत उरलाय. ‘दोंदे फुएरेस, आस लो के बिएरेस’: जिथे जाशील, तिथे जे पाहशील ते कर. आपलं ‘देश तसा वेश’. म्हण म्हणून पाठ करा आणि सोडून द्या.

पहिली पायरी: कर्ते दोन आहेत का?

वाक्यात ‘के’ (आपलं ‘की’ किंवा ‘असं’) दिसला की आधी कर्ते मोजा. ‘मला यायचंय’ आणि ‘तू यावंस असं मला वाटतं’ यात आपण आपोआप फरक करतो. ‘मी यावं असं मला हवंय’ असं स्वतःबद्दल सहसा कोणी म्हणत नाही. स्पॅनिशमध्येही इच्छा करणारा आणि येणारा एकच असेल तर मूळ रूप पुरतं: ‘किएरो बेनीर’. दोघं वेगळे असतील तर ‘किएरो के बेंगास’. ‘किएरो के बेंगो’ हे वाक्य स्पॅनिश कानाला अंगावर येतं.

दुसरी पायरी: दवंडी

आता मुख्य प्रश्न. ‘के’नंतर जे क्रियापद आहे, ती गोष्ट ‘अशी अशी आहे हो!’ म्हणून या वाक्यात कोणी जाहीर करतंय का? दवंडी पिटणारा बोलणारा असेल किंवा वाक्यातलं दुसरं पात्र. कोणी पिटत असेल तर इंडिकेटिव्ह. कोणीच पिटत नसेल, ती गोष्ट फक्त हवी असेल, नाकारलेली असेल, शक्य म्हणून ठेवलेली असेल, किंवा त्यावर नुसतं मत दिलं जात असेल, तर सब्जंक्टिव्ह.

गोष्ट खरी आहे का, हा प्रश्न विचारू नका. सगळा घोटाळा तिथेच होतो. ‘हुआन क्रेए के ला तिएर्रा एस प्लाना’, पृथ्वी सपाट आहे असं हुआनला वाटतं. साफ खोटं आहे, पण हुआन छातीठोकपणे सांगतोय, म्हणून ‘एस’, इंडिकेटिव्ह. ‘सोन्ये के एरा रेय’, मी राजा होतो असं स्वप्न पडलं. स्वप्न खोटं, पण स्वप्नातली हकिगत मी जाहीर करतोय, म्हणून इंडिकेटिव्ह. त्याच न्यायाने ‘क्रेओ’ म्हणजे ‘मला वाटतं’ यात थोडी शंका असली तरी स्पॅनिशला ती शंका दिसत नाही, तिला दवंडी ऐकू येते. आधी इटालियन शिकलेल्यांनी इथे विशेष सांभाळायचं, कारण तिकडे ‘मला वाटतं’नंतरच सब्जंक्टिव्ह लागतो.

‘एस बेर्दाद के’, ‘एस्ता क्लारो के’, ‘बेओ के’, ‘से के’, म्हणजे खरं आहे की, उघड आहे की, दिसतंय की, माहीत आहे की: सगळे दवंडीवाले. उलट ‘किएरो के’, ‘एस्पेरो के’, ‘नेसेसीतो के’, ‘दूदो के’, ‘एस पोसीब्ले के’, ‘पुएदे के’, म्हणजे हवंय की, आशा आहे की, गरज आहे की, शंका आहे की, शक्य आहे की, असेलही की: यांच्यापुढे कोणी काही जाहीर करत नाही.

दवंडीचा खरा उपयोग दोन्हीकडे चालणाऱ्या क्रियापदांत कळतो. ‘देसीर’ म्हणजे सांगणे किंवा म्हणणे. ‘दीसे के मारीया बिएने’: तो म्हणतो, मारिया येतेय. ‘दीसे के मारीया बेंगा’: तो म्हणतो, मारियाने यावं. यादीत ‘देसीर’ कुठल्या रकान्यात घालणार? पण मराठी माणसाला हे दोन सेकंदांत सुटतं, कारण ‘येतेय’ आणि ‘यावं’ हा फरक आपण लहानपणापासून ऐकलेला आहे. ‘सिएंतो के’ही तसंच. ‘सिएंतो के आल्गो आ काम्बियादो’ असं म्हटलं तर काहीतरी बदललंय असं जाणवतंय, ही बातमी झाली. आणि ‘सिएंतो के ते बायास’: तू जातोयस याचं वाईट वाटतं. बातमी नाही, हळहळ आहे.

मराठी कान फसतो ती तीन ठिकाणं

पहिलं ठिकाण भावनांचं, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच. ‘तू इथे आहेस याचा मला आनंद आहे.’ मराठीत ‘आहेस’, सरळ स्वार्थ. स्पॅनिशमध्ये ‘मे आलेग्रो दे के एस्तेस आकी’, सब्जंक्टिव्ह. माणूस डोळ्यांसमोर उभा आहे, मग शंका कसली? शंका नाहीच. पण तू इथे आहेस हे मी तुला जाहीर करत नाही. ते तुलाही ठाऊक आहे, मलाही. मी जाहीर करतोय तो माझा आनंद. ‘एस ऊना पेना के नो पुएदास बेनीर’, तुला येता येत नाही हे वाईट झालं. ‘एस लोहिको के एस्ते कान्सादा’, ती दमली असणं साहजिक आहे. या शेवटच्या मराठी वाक्यात बघा, आपणही ‘ती दमली आहे’ असं न म्हणता ‘दमली असणं’ म्हटलं. भावनेचं वाक्य लिहिताना मनात आधी असा ‘असणं, येणं, जाणं’वाला साचा करून बघा. तो बसला तर सब्जंक्टिव्ह लावा. दहातल्या आठ वेळा काम होतं.

दुसरं ठिकाण ‘मला वाटत नाही’चं. ‘तो येईल असं वाटतं’ आणि ‘तो येईल असं वाटत नाही’, आपलं ‘येईल’ जागचं हलत नाही. स्पॅनिशमध्ये ‘क्रेओ के बेंद्रा’ पण ‘नो क्रेओ के बेंगा’. दवंडी बंद झाली की रूप बदललं. भविष्यकाळी सब्जंक्टिव्ह आता वापरात नसल्यामुळे वर्तमानाचाच उद्याचंही काम करतो. दोन अपवाद मात्र लक्षात ठेवा. नकारार्थी आज्ञेत इंडिकेटिव्ह राहतो: ‘नो क्रेआस के एस फासिल’, हे सोपं आहे असं समजू नकोस. आणि होकार काढून घेणाऱ्या प्रश्नातही: ‘नो क्रेएस के एस कारो?’, महाग नाही वाटत तुला? इथे बोलणारा महाग असल्याची दवंडी खरं तर पिटतोच आहे, फक्त प्रश्नाच्या आडून.

तिसरं ठिकाण वेळेचं. ‘घरी पोचलो की जेवतो’, रोजची सवय: ‘क्वांदो येगो आ कासा, सेनो’. ‘घरी पोचलो की जेवेन’, आजचं: ‘क्वांदो येगे आ कासा, सेनारे’. मराठीत ‘पोचलो’ दोन्हीकडे तेच, शिवाय भूतकाळी दिसणारं! त्यामुळे कान काहीच इशारा देत नाही. नियम असा धरा: जे अजून घडायचंय, त्याची दवंडी कोण पिटणार? म्हणून सब्जंक्टिव्ह. ‘आस्ता के’ म्हणजे होईपर्यंत, ‘एन क्वांतो’ म्हणजे होताक्षणी, यांनाही हेच लागू. ‘आंतेस दे के’, होण्याआधी, आणि ‘पारा के’, व्हावं म्हणून, या दोघांपुढे मात्र कायम सब्जंक्टिव्ह. तिथे विचारच करू नका. आणि ‘क्वांदो’ प्रश्न विचारत असेल, केव्हा येणार असं, तर इंडिकेटिव्हच: ‘क्वांदो बेंद्रास?’

तिसरी पायरी: माणूस ओळखीचा आहे का?

‘ज्याला मराठी येतं तो माणूस शोधतोय.’ ‘ज्याला मराठी येत असेल असा माणूस शोधतोय.’ पहिल्यात तो माणूस आहे, ऑफिसात कुठेतरी बसलाय, मला सापडत नाहीये. दुसऱ्यात तो असेल की नाही कोण जाणे. आपलं ‘येत असेल’ म्हणजे स्पॅनिशचा सब्जंक्टिव्ह: ‘बुस्को आ ऊन ओम्ब्रे के साबे माराती’ आणि ‘बुस्को ऊन ओम्ब्रे के सेपा माराती’. ओळखीच्या माणसाआधी एक छोटा ‘आ’ येतो आणि अनोळख्याआधी सहसा गळतो, तेही टिपून ठेवा. अशी व्यक्ती नाहीच म्हणायचं असेल तर प्रश्न मिटला: ‘नो आय नादिए के सेपा’, माहीत असलेलं कोणीच नाही.

भाड्याचं घर शोधताना हा फरक रोज लागतो. दोन खोल्या असतील असं घर, ‘ऊन पीसो के तेंगा दोस आबितासिओनेस’. एजंटासमोर ‘तिएने’ म्हणालात तर तो विचारेल, कुठलं घर म्हणताय?

‘आऊंके’ आणि ‘का असेना’

‘आऊंके’ म्हणजे ‘तरी’. पाऊस पडतोय तरी मी बाहेर जाणार: ‘आऊंके युएबे, बोय आ सालीर’. पाऊस पडला तरी जाणार: ‘आऊंके युएबा, बोय आ सालीर’. इथवर सोपं. पण ‘आऊंके सेआ तू एर्मानो’ असं कोणी म्हणालं, आणि तो खरोखरच तुमचा सख्खा भाऊ असेल तर? इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे अडखळतो. तुम्हाला मराठीतलं उत्तर माहीत आहे: ‘तुझा भाऊ का असेना!’ भाऊ आहे हे मान्य, पण ती बातमी नाही, ते कारण मी खिजगणतीत धरत नाही. ‘का असेना’ जिथे बसेल तिथे ‘आऊंके’पुढे सब्जंक्टिव्ह.

‘सी’चा वेगळा कारभार

जर-तरचा ‘सी’ दवंडीच्या कसोटीबाहेर ठेवा, त्याचे नियम स्वतंत्र आहेत. ‘सी’पुढे वर्तमानकाळी सब्जंक्टिव्ह कधीच येत नाही. शक्य असलेली अट असेल तर साधा वर्तमान: ‘सी तेंगो तिएम्पो, बोय’, वेळ असला तर जाईन. आत्ता वेळ नाहीच असं गृहीत धरून बोलायचं तर ‘सी तुबिएरा तिएम्पो, इरीया’. आणि काल वेळ नव्हता, ती गेलेली गोष्ट असेल तर ‘सी उबिएरा तेनीदो तिएम्पो, आब्रीया ईदो’. गोची अशी की मराठीचा संकेतार्थ शेवटच्या दोघांना एकाच मापात बसवतो: ‘वेळ असता तर गेलो असतो.’ म्हणून लिहिण्याआधी स्वतःला विचारा, आत्ताची गोष्ट की कालची?

उत्तर स्पेनमध्ये, बास्क प्रदेशाच्या आसपास, ‘सी तेंद्रीया’ असं लोक बोलताना ऐकू येईल. बोलीत आहे, परीक्षेत लिहू नका. ‘नो से सी बिएने’, तो येतो की नाही माहीत नाही, यातही सब्जंक्टिव्ह नाही.

‘कदाचित’चे शब्द मात्र थोडे लहरी आहेत. ‘आ लो मेहोर’पुढे इंडिकेटिव्ह. ‘कीसास’ आणि ‘ताल बेस’ दोन्ही चालवून घेतात. खात्री कमी असेल तर सब्जंक्टिव्ह. यामागे तर्क शोधत बसू नका.

काळ जुळवणं

मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की सब्जंक्टिव्हही सहसा मागे सरकतो. ‘मे पीदे के बेंगा’, मी यावं असं तो सांगतो. ‘मे पिदियो के बिनिएरा’, मी यावं असं त्याने सांगितलं. मराठीत ‘यावं’ जागचं हलत नाही, म्हणून हे सवयीनेच यावं लागतं.

एक मेल, सुरुवातीपासून

सराव पुस्तकातल्या गाळलेल्या जागांनी फारसा होत नाही, कारण तिथे निवड करावी लागणार हे आधीच कळलेलं असतं. रोजचं काहीतरी मराठीत लिहा आणि मग वळवा. हे बघा:

‘मार्ता, तू बरी असशील अशी आशा आहे. अहवाल तयार आहे असं मला वाटतं, पण आकडे बरोबर आहेत असं वाटत नाही. तू ते तपासावेस. झालं की मला कळव. तुला थांबावं लागलं याचं फार वाईट वाटतं.’

‘एस्पेरो के एस्तेस बिएन’: आशा आहे, जाहीर काही नाही. ‘क्रेओ के एल इन्फोर्मे एस्ता लीस्तो’: दवंडी, म्हणून ‘एस्ता’. ‘नो क्रेओ के लास सीफ्रास सेआन कोरेक्तास’: मराठीत ‘आहेत’, तरी इकडे ‘सेआन’. ‘नेसेसीतो के लास रेबीसेस’: आपलं ‘तपासावेस’ जसंच्या तसं. ‘क्वांदो तेर्मीनेस, आबीसामे’: अजून व्हायचंय. शेवटचं ‘सिएंतो मूचो के आयास तेनीदो के एस्पेरार’. थांबावं लागलं हे झालेलं आहे, मार्तालाच ते सर्वांत जास्त माहीत आहे, म्हणून ‘आस’ नाही, ‘आयास’. सहा वाक्यांत पाच सब्जंक्टिव्ह आणि एकच इंडिकेटिव्ह. साधा, दोन मिनिटांत लिहिलेला ऑफिसचा मेल आहे हा.